रोपटं कुठं आहे, ते आधी दाखव

कॅमेऱ्यातले फोटो नंतर. मोठ्या शिंगांचा नर मध्यरात्री येऊन गेला, हे ऐकायला मी हा डोंगर चढून आलेली नाही. मला ओकचं एक रोपटं दाखव. गुडघ्याएवढं, एकच. पेनसिल्व्हेनियात सत्तर एकर डोंगर तुझ्या नावावर आहे, त्यात तेवढं एक रोप तुला सापडत नाही, आणि मला विचारतोस की बाई, हरणं वाढवायला काय करू?

खाली वाक. ही फांदी बघ. सशानं तोडली असती तर तिरका, स्वच्छ काप दिसला असता. इथं टोक फाटलंय, सालीचे धागे लोंबतायत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची हिरडी यांत फांदी धरून ते ओढून तोडतं. आता मान वर कर. जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांपर्यंत रान साफ, त्याच्या वर पानं. हरणाचं तोंड पोचतं ती ही उंची. दर हंगामात याच वाटेनं तू मचाणाकडं जातोस, तरी हे दिसलं नाही? खाली उरलेत ते नुसते नेचे. हरणं त्यांना तोंड लावत नाहीत म्हणून ते माजलेत, आणि त्यांच्या दाट सावलीत ओकचं बी रुजलं तरी वर येत नाही.

आणि यावर तुझा उपाय काय, तर मक्याचा ढीग! अरे, हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जिवाणू काटक्या आणि कळ्या पचवायला सरावलेले असतात. मका पचवायला त्यांची घडी बसायची तर आठवडे जातात. एकदम भरपूर मका पोटात गेला की आम्ल वाढतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं. शिवाय 2012 पासून या राज्यात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग आहे. त्यावर औषध नाही, लस नाही. लाळेतून, मलमूत्रातून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. म्हणूनच रोगग्रस्त पट्ट्यांत हरणांना खाऊ घालायला बंदी आहे, आणि दाणा टाकून शिकार तर राज्याच्या बहुतेक भागात मुळातच बेकायदा आहे. जमीन घेताना कायदा वाचायला तुला वेळ नव्हता?

पण मका उद्या उचलता येईल. ओक कुठून आणशील? ठेकेदाराला तू सांगितलंस, अमुक जाडीच्या वरची सगळी झाडं घेऊन जा. त्यानं चांगले पांढरे ओक नेले आणि वाकडे लाल मेपल, रोगट बीच तुझ्या गळ्यात मारले. चेक बघून तू खूश झालास. या डोंगररांगांत एकेकाळी चेस्टनट होते. 1904 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्यावर बुरशीचा रोग दिसला आणि काही दशकांत ते साफ झाले. त्यानंतर इथल्या जनावरांची भिस्त राहिली ओकच्या फळांवर. पांढऱ्या ओकचं फळ त्याच शरद ऋतूत पिकतं, कमी तुरट असतं, हरणं आधी त्यावर तुटून पडतात. तांबड्या ओकचं फळ पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. एकाचं पीक बुडालं तर दुसरं तारून नेतं, म्हणून दोन्ही राखायचे असतात. नेमके ओक ठेवून आजूबाजूचे मेपल काढले असतेस, तर त्यांच्या शेंड्यांना चारी बाजूंनी ऊन मिळालं असतं आणि फळं वाढली असती. तू बरोब्बर उलटं केलंस. आणि पुढच्या वेळी तोडायच्या झाडांवर खुणा करायला फॉरेस्टर बोलव. लाकूड विकत घेणाऱ्यालाच खुणा करायला सांगतं का कुणी?

दक्षिणेकडच्या उतारावर लहान लहान तुकड्यांत तोड कर. तिथं हिवाळ्यात ऊब असते. शेंडे जमिनीवरच राहू देत, हरणांना खाणं आणि आडोसा दोन्ही मिळेल. मात्र त्याआधी बारबेरी आणि ते काटेरी जंगली गुलाब मुळापासून काढ, नाहीतर मोकळं झालेलं ऊन तेच गिळतील. आणि निदान एका तुकड्याला आठ फुटी कुंपण घाल. कुंपणाच्या आत काय उगवतं आणि बाहेर काय, ते दोन वर्षांनी मला येऊन सांग.

आता मादीचं. मादीवर गोळी चालवायला तुझा हात धजत नाही, हे मला कळतं. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकारच बंद; तू त्या संस्कारात वाढलास. इथली हरणं तर एकोणिसाव्या शतकाअखेर जवळजवळ संपली होती. 1906 पासून ती बाहेरून आणून सोडली, माद्यांना जपलं, आणि मादी मारायची नाही हे इथल्या शिकाऱ्यांच्या अंगात भिनलं. पण लांडगे आणि प्यूमा माणसानं केव्हाच संपवले, आणि मादी बहुधा दर वर्षी जुळी देते. वायव्य पेनसिल्व्हेनियात संशोधकांनी कुंपणांत हरणांची संख्या ठरवून दहा वर्षं रान कसं बदलतं ते पाहिलं. चौरस मैलाला वीस हरणांच्या पुढं गेलं की रोपांच्या जाती घटल्या आणि नेचे पसरले. पक्ष्यांनाही झळ लागली. तू फक्त शिंगं टिपतोस. खाणारी तोंडं तेवढीच राहतात, पाडसं उपाशी वाढतात, आणि शिंगं खुरटली म्हणून तू पुन्हा मका आणतोस.

सकाळी हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. मचाण कुठं बांधायचं, तिथं कुठल्या वाटेनं जायचं, हे त्यावर ठरतं. तेही शिकवीन, पण नंतर. आधी राज्याच्या गेम कमिशनच्या योजनेतून जास्तीच्या माद्यांचे परवाने माग. जमीनमालकांसाठीच ती योजना आहे. मग शेजारच्या दोन्ही मालकांकडं जाऊन बोल. हरणाचा वावर सत्तर एकरांत मावत नाही. तू माद्या कमी करशील आणि पलीकडचा मका ओतत राहील, तर हे रोपटं तुला कधीच दिसणार नाही. शनिवारी दोघांना इथं घेऊन ये, ही फाटलेली फांदी मी त्यांनाही दाखवते.