कैफियत आणि कबुली

एखाद्या विनोदी कार्यक्रमावरून कोणाच्या भावना दुखावल्या, फिर्याद गुदरली गेली आणि नटाकडून माफीनामा लिहून घेण्यात आला, की लगोलग आपल्या सुशिक्षित वर्गातील कोणीतरी एक ठरावीक सिद्धान्त पुढे करतो : आपल्याला विनोद सोसत नाही, इंग्रजाला सोसतो, कारण इंग्रज स्वतःवर हसू शकतो. या सिद्धान्ताच्या साक्षीला हल्ली पुस्तके आणली जात नाहीत, बीबीसीच्या जुन्या मालिका आणल्या जातात, आणि त्यांतही पहिला मान 'फॉल्टी टॉवर्स'चा असतो. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावीही या मालिकेचे भक्त आहेत. ते सगळे तरुण आहेत, तिचे प्रवेशच्या प्रवेश त्यांना मुखोद्गत आहेत आणि त्यांच्या भक्तीविषयी मला आदरच आहे, कारण जी गोष्ट मनापासून आवडते ती पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी आपल्याकडे दुर्मीळ होत चालली आहे. माझी तक्रार त्यांच्या आवडीविषयी नसून त्या आवडीतून ते जो निष्कर्ष काढतात त्याविषयी आहे.

किरकोळ मते आधी निकालात काढतो. ही मालिका सूक्ष्म आहे म्हणून श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्यांनी बंद पडलेल्या मोटारीला झाडाच्या फांदीने झोडपून काढणारा तिचा नायक, हॉटेलवाला बॅसिल, पुन्हा एकवार पाहावा. 1975 आणि 1979 अशा दोन हप्त्यांत मिळून अवघे 12 भाग काढून लेखक थांबले म्हणून ती श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. आपल्याकडच्या मालिका कधी थांबायच्या हे जाहिरातदार ठरवतात, तेव्हा या संयमाचा हेवा वाटणे स्वाभाविकच आहे. परक्यांच्या विनोदाशी आपल्याला काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

उरतो तो 'स्वतःवर हसणारा इंग्रज'. या मालिकेचा जन्म कसा झाला हे तिच्या भक्तांना माझ्याहून चांगले ठाऊक असते, आणि तरीही त्या हकीकतीचा अर्थ त्यांच्या ध्यानात येऊ नये याचे मला नवल वाटते. 1970 च्या मे महिन्यात जॉन क्लीझ आणि त्याची 'मॉन्टी पायथन' मंडळी चित्रीकरणासाठी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलात उतरली. तेथील मालक, आरमारातला निवृत्त अधिकारी, गिऱ्हाईक म्हणजे आपल्या शांततेवर आलेले संकट अशा समजुतीने वागणारा होता. मंडळींपैकी एकाची बॅग त्याने बाँबच्या संशयाने बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली, तर दुसऱ्याच्या सुरीकाटा धरण्याच्या अमेरिकन पद्धतीवरून त्याला भर भोजनात बोल लावले. बाकीची मंडळी कंटाळून दुसरीकडे गेली. क्लीझ मात्र राहिला, त्याने त्या मालकाचे निरीक्षण केले, आणि पुढे आपली तेव्हाची पत्नी कॉनी बूथ हिच्या साहाय्याने त्यातून बॅसिल फॉल्टी उभा केला. निर्मिती उत्तम झाली, हे निर्विवाद. परंतु येथे स्वतःवर कोण हसले? तो हॉटेलवाला तर हसला नाहीच, आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने नवऱ्याची बाजू मांडली तेव्हा विनोद न कळणारी बाई म्हणून तिचीच गणना झाली. विद्यापीठातून आलेला एक चतुर तरुण, सुरक्षित अंतरावरून, एका प्रांतिक हॉटेलवाल्याच्या तऱ्हेवाईकपणाला हसला, एवढीच खरी घटना आहे.

मालिकेतील इतर पात्रांकडे पाहिले तर हेच चित्र दिसते. बार्सेलोनाहून आलेला मॅन्युएल हा वाढपी इंग्रजी न समजल्यामुळे मार खातो. ही मालिका स्पेनमध्ये दाखवण्याची वेळ आली तेव्हा त्याला इटालियन करण्यात आले. या बदलातच या हास्याचा सारा व्यवहार उघडा पडतो, कारण ज्याला हसायचे तो प्रेक्षकांत बसलेला नसावा, अशी अट त्यात गृहीतच होती. हॉटेलात कायम मुक्कामाला असलेला म्हातारा मेजर एका भागात ओव्हलच्या मैदानावर भारतीय संघाचा खेळ पाहिल्याची आठवण सांगतो आणि सांगता सांगता आपल्या लोकांसाठी एक हलके विशेषण वापरतो. (त्याच ओव्हलवर 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवून तेथील पहिली कसोटी मालिका जिंकली होती, पण मेजरच्या स्मरणशक्तीत अशा गोष्टींना जागा नसावी.) या उद्गारांमुळे 2020 साली तो भाग काही काळ काढून घेण्यात आला व गहजब होताच परत आणला गेला. विनोद भारतीयांवर नसून मेजरवर आहे, असा बचाव करण्यात आला, आणि तो मला मान्य आहे. मात्र त्याच बचावाने मूळ सिद्धान्त निकामी होतो, हे आमच्या भक्तमंडळींच्या लक्षात येत नाही. मेजर म्हणजे लेखक नव्हे. तो लेखकाच्या पिढीने मोडीत काढलेला, साम्राज्याबरोबर कालबाह्य झालेला मनुष्य आहे. त्याच्यावर हसणे हे सोपे आणि फुकटचे हसणे आहे.

यावर त्यांचे उत्तर तयार असते : व्यक्ती राहू द्या, शेवटी इंग्रजच इंग्रजावर हसला ना? राष्ट्र स्वतःवर हसले ना? हे उत्तर मी इतक्या जणांकडून आणि इतक्या समाधानाने दिलेले ऐकले आहे की त्याचा प्रतिवाद करण्याचा मोह मला आवरत नाही. राष्ट्र हसत नसते. हसतात ती माणसे, आणि त्यांना वर्ग, गाव, वय, शाळा असते. या न्यायाने नेवासेकरांनी शेवगावकरांची टिंगल करावी आणि दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात मोडतात म्हणून तिला जिल्ह्याचे आत्मपरीक्षण म्हणावे! शेजाऱ्याची टवाळी करण्याची कला प्रत्येक समाजाला अवगत असते आणि तिच्यासाठी कोणत्याही संस्कृतीला प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही.

मग स्वतःवर हसणे कशाला म्हणावे? कोल्हटकरांच्या सुदाम्यापासून पु. ल. देशपांड्यांच्या धोंडो भिकाजी जोश्यापर्यंतची आपली परंपरा सर्वांना परिचित आहे आणि तिची वंशावळ येथे उगाळण्याची गरज नाही. तिच्यातील एकच विशेष मला महत्त्वाचा वाटतो : तेथे ज्याची फजिती झाली तोच ती सांगायला बसतो. चि. वि. जोश्यांच्या चिमणरावाने गुंड्याभाऊच्या भरवशावर अंगावर घेतलेली प्रत्येक मोहीम धुळीला मिळते, आणि मग तो बिचारा कारकून आपल्यापुढे येऊन, काऊ काय म्हणाली आणि आपण कसे तोंड लपवले, ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याच्या फजितीला 'नंतर' आहे. बॅसिलला हे 'नंतर' नाही. भाग संपतो तेव्हा सर्वनाश झालेला असतो, आणि पुढच्या भागात तोच मनुष्य त्याच ताठ्याने, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, गल्ल्यामागे उभा असतो. त्याला काही आठवले तर मालिकाच चालणार नाही.

यावर एक जाणकार आक्षेप घेईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. 'येस मिनिस्टर' ही मालिका ग्रंथरूपाने आली ती मंत्री जिम हॅकरच्या रोजनिशीच्या रूपाने, म्हणजे तेथे प्रथमपुरुषही आहे आणि 'नंतर'ही आहे. खरे आहे. परंतु ती रोजनिशी वाचताना दिसते ते असे, की हॅकर दररोज रात्री आपली कैफियत लिहीत आहे : आपण कसे बरोबर होतो, सचिवाने कसे अडवले, परिस्थिती कशी विपरीत होती. त्याचा मूर्खपणा वाचकाला कळतो, त्याला कळत नाही. चिमणराव लिहितो ती कबुली. कैफियत देणारा निर्दोष सुटू पाहतो, कबुली देणारा मात्र गुन्हा पदरात घेऊनही आपल्याजवळ बसून राहतो. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ती मालिका अतिशय प्रिय होती, इतकी की 1984 च्या जानेवारीत त्यांनी तिच्यातील नटांबरोबर एक छोटा प्रवेशही करून दाखवला. राज्यकर्तीला त्या विनोदाने गुदगुल्या झाल्या, कारण तो तिच्या सचिवांवर होता. जी हास्यकृती सत्ताधीशाला इतकी सुखाची वाटते तिला आत्मोपहास म्हणणे मला तरी अवघड जाते.

आपल्याकडे सर्व काही कबुलीचेच आहे, असा माझा दावा नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आला, महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला, आणि तरी त्यात काही हरवले असे मला वाटते. कॅमेरा चिमणरावाकडे बाहेरून पाहतो, आणि बाहेरून पाहिलेला चिमणराव हा थोडासा बॅसिलच होतो. प्रभावळकरांच्या डोळ्यांतील ओशाळेपणाने तो पुरता बॅसिल होऊ दिला नाही, हे श्रेय नटाचे, माध्यमाचे नव्हे. आणि आजचे आपले विनोदी कार्यक्रम तर पुरुषाला लुगडे नेसवून किंवा ग्रामीण उच्चार घोळवून हशा वसूल करण्यात मॅन्युएलच्या निर्मात्यांपेक्षा तसूभरही मागे नाहीत.

नेवाशात बसून लिहिताना एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. शके 1212 मध्ये येथल्या खांबाजवळ जो ग्रंथ सांगितला गेला त्याच्या आरंभीच, चोचीने समुद्र मापू निघालेल्या टिटवीची उपमा वक्त्याने स्वतःला दिली आहे. याला विनोद म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सांप्रदायिक मंडळी त्याला विनय म्हणतील आणि ते योग्यही आहे. परंतु समोर बसलेल्या श्रोत्यांच्या मुखावर त्या क्षणी स्मित उमटले नसेल, असे मला वाटत नाही. ते स्मित वक्त्याने जाणून, आपल्या नावावर, मागून घेतले होते.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांनी 'फॉल्टी टॉवर्स' जरूर पाहावी, पुन्हा पाहावी. आपल्या समाजाला विनोद सोसत नाही ही त्यांची तक्रारही बव्हंशी खरी आहे, आणि फिर्यादी गुदरणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. मात्र दाखला द्यायचा तर तो बडोद्याचा द्यावा. चिमणरावांचा जनक संस्थानच्या चाकरीत पाली शिकवीत आणि राजदप्तर सांभाळीत होता. त्याला कारकुनावर लिहायचे होते, आणि त्यासाठी तो दुसऱ्या कोणाच्या हॉटेलात उतरला नाही.