परीक्षा ओळखणारे फोन

बेंचमार्क चाचणीत फोनकडून ठरावीक कामे करून घेतात आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून गुण देतात. गीकबेंच 6 हे ॲप प्रोसेसरला फायली आकसवणे, वेब पाने उघडणे, फोटोंवर प्रक्रिया करणे अशी कामे देते. एका कोअरचे गुण वेगळे मांडले जातात, सर्व कोअर्सचे वेगळे. इंटेलच्या कोअर आय7-12700 या डेस्कटॉप प्रोसेसरचे गुण 2500 धरले आहेत. त्याच्या दुप्पट गुण म्हणजे दुप्पट वेग. रोजच्या वापरातील पुष्कळशी कामे एकाच वेगवान कोअरवर अवलंबून असतात, म्हणून सामान्य ग्राहकाने पहिला आकडा आधी पाहावा. अंतुतू हे दुसरे बेंचमार्क ॲप प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी आणि वापराचा अनुभव या सगळ्यांची एकच बेरीज देते. जाहिरातीत झळकतो तो बहुधा हाच लाखांतला आकडा, पण फोन नेमका कुठे कमी पडतो हे त्यातून कळत नाही.

त्यातही एकदाच घेतलेली चाचणी थंड फोनची असते. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. चिप तापली की ती आपला वेग स्वतःच उतरवते. थ्रीडीमार्क या ग्राफिक्स बेंचमार्कच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टमध्ये एक मिनिटाचे तेच दृश्य सलग 20 वेळा चालवतात. पहिल्या फेरीत पुढे असलेला फोन विसाव्या फेरीपर्यंत मागे पडू शकतो. तासभर गेम खेळणाऱ्याला शेवटच्या फेऱ्यांचे गुणच उपयोगाचे.

उष्णतेची अडचण निदान मोजता येते. चाचणी चालू आहे हे फोनलाच ओळखू आले, तर मात्र मोजणेच खोटे ठरते. 2013 मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस4 च्या एक्सिनॉस आवृत्तीत हेच आढळले. आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने केलेल्या तपासणीत काही बेंचमार्क ॲप्स उघडताच ग्राफिक्स चिपचा वेग 533 मेगाहर्ट्झवर जाई. एरवी खेळांना 480 च मिळत. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बेंचमार्कबूस्टर’ असे नावही सापडले. 2018 मध्ये हुआवेच्या पी20 सह काही फोन अशाच कारणाने थ्रीडीमार्कच्या क्रमवारीतून काढले गेले. अशी लबाडी पकडण्याची युक्ती सोपी आहे: चाचणी तीच ठेवायची, ॲपचे नाव तेवढे बदलायचे. नाव बदलताच गुण उतरले, तर आधीचे गुण ग्राहकाच्या वाट्याला कधीच येणार नव्हते.

2022 मध्ये उलट्या बाजूने तेच घडले. सॅमसंगची एक अंतर्गत सेवा खेळांसह अनेक ॲप्सचा वेग नावावरून रोखत होती, बेंचमार्क ॲप्सना मात्र मोकळे सोडत होती. बेंचमार्कला खेळाचे नाव देऊन चालवले तेव्हा गुण घसरले. गीकबेंचने एस10 पासून एस22 पर्यंतच्या मुख्य गॅलेक्सी एस मालिका आपल्या यादीतून काढल्या, आणि ते योग्यच केले. ज्या वेगासाठी ग्राहक पैसे मोजतो, तो त्याच्या रोजच्या ॲपला मिळायलाच हवा.

तरीही बेंचमार्क टाकाऊ मानणे चूक आहे. डिसेंबर 2017 मध्ये एका वापरकर्त्याने आपल्या मंदावलेल्या आयफोन 6एसची बॅटरी बदलली आणि दोन्ही वेळचे गुण मांडले: एका कोअरचे 1466 होते, ते 2526 झाले. त्यानंतर गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी 6एस आणि आयफोन 7 यांचे साठलेले गुण आयओएसच्या आवृत्तीनुसार लावून पाहिले. 6एसमध्ये आयओएस 10.2 वर बहुतेक गुण एका आकड्याभोवती होते, 10.2.1 पासून खालच्या बाजूला वेगळे पुंजके दिसू लागले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग आवरला जातो, असे ॲपलने काही दिवसांतच मान्य केले. हमीबाहेरच्या बॅटरी बदलाची किंमत 79 वरून 29 डॉलरवर आली, आणि 2018 मधील आयओएस 11.3 मध्ये बॅटरीची स्थिती वापरकर्त्याला सेटिंग्जमध्येच दिसू लागली.