पोपच्या माथी मारलेली मांजरं

साथरोगांची चर्चा निघाली की हल्ली एक गोष्ट हटकून सांगितली जाते. पोप नववा ग्रेगरी याने 1233 मध्ये मांजराला सैतान ठरवलं, युरोपभर मांजरांची कत्तल झाली, उंदीर माजले आणि 1347 मध्ये प्लेग आला. अंधश्रद्धेला बसलेली ही चपराक विवेकवादी मंडळींना इतकी आवडते की मूळ पत्र उघडून बघण्याची तसदी कुणी घेत नाही. चर्चला जाब विचारण्यासारखं त्या काळात पुष्कळ आहे. त्यासाठी खोटा पुरावा कशाला हवा?

ग्रेगरीचं ‘व्हॉक्स इन रामा’ हे पत्र जर्मनीतल्या कथित पाखंड्यांविरुद्ध आहे. त्यात गुप्त बैठकीचं वर्णन येतं: नवा माणूस आधी बेडकाचं चुंबन घेतो, मेजवानी झडते, मग एक काळं मांजर शेपटी वर करून उलट्या पावलांनी पुतळ्यावरून उतरतं आणि मंडळी त्याच्या ढुंगणाचा मुका घेतात. किळसवाणंच आहे, पण रोख माणसांवर आहे. मांजरं मारा, असं त्यात कुठेही नाही. (बेडकांच्या कत्तलीचा आळ मात्र पोपवर अजून कुणी घेतलेला नाही.) कल्पनाही ग्रेगरीची नव्हे, वॉल्टर मॅप आणि आलां द लील यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीसच पाखंड्यांवर असले आरोप केले होते. ग्रेगरीला माहिती पुरवणारा मारबुर्गचा कोनराड तर इतका बेफाम होता की खुद्द माइन्झच्या आर्चबिशपने त्याच्याविरुद्ध तक्रार केली.

आज्ञा नसेल, पण लोकांची मनं तर कलुषित झाली असतील, असं कुणी म्हणेल. मग निदान चर्चच्या दारात तरी त्याची खूण दिसायला हवी. इंग्लंडमधल्या एक्झिटर कॅथीड्रलच्या हिशेबात 1305 पासून 1467 पर्यंत मांजराच्या नावाने खर्च पडलेला आहे, तिमाहीला 13 पेन्स. कोठडीत एकांतवास पत्करणाऱ्या धर्मशील स्त्रियांसाठी तेराव्या शतकात लिहिलेला नियमग्रंथ एकाच प्राण्याची मुभा देतो, ती मांजराची. तटाला भिडण्यासाठी ढकलत न्यायच्या छपराच्या आडोशालाही सैनिक मांजरच म्हणत. 1218 च्या तुलूझच्या वेढ्यात सीमाँ द माँफोरच्या धर्मयोद्ध्यांकडे ते होतं, आणि ग्रेगरीच्या पत्राला सोळा वर्षं उलटल्यावरही नाईलकाठी धर्मयुद्धावर गेलेल्या फ्रान्सच्या राजा नवव्या लुईच्या सैन्यात त्याचं नाव बदललं नव्हतं. यावरून मांजर लाडकं होतं असं ठरत नाही. त्याची कातडी विकली जाई, छळही होई. पण अख्ख्या युरोपातून मांजरं संपवण्याच्या मोहिमेचा यात मागमूस नाही.

शिवाय 1348 मध्ये कैरोही प्लेगने ओस पडलं, आणि तिथे पोपचं काही चालत नव्हतं. उंदीर आणि प्लेग यांची शास्त्रीय सांगड घातली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस: मुंबईत 1896 मध्ये साथ शिरली आणि 1898 मध्ये पॉल-लुई सिमों याने कराचीत उंदरावरच्या पिसवेचा धागा पकडला. मांजर कमी म्हणून प्लेग जास्त, हे गणित त्याआधी कुणाला सुचणं कठीणच होतं. ते गणितही कच्चंच आहे, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागतो.