गरजेचा निकष: मीमांसा आणि ई-पीक पाहणी

मोबाइल ॲप तयार होऊ लागले की काही सोयी न बोलावता येऊन बसतात: लॉगिन, ओटीपी, नोटिफिकेशन, प्रोफाइलचा फोटो, शेअरचे बटण, चॅट, भाषेची निवड, नेट नसताना चालण्याची व्यवस्था. यांतल्या खरोखर लागणाऱ्या कोणत्या, हा प्रश्न तांत्रिक समजून सोडवला जातो. त्याच्या तळाशी मात्र जुना तात्त्विक प्रश्न आहे. एखादी गोष्ट लागते असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर? ती कोणी मागितली म्हणून, सगळीकडे असते म्हणून, की तिच्याविना काम अडते म्हणून?

मागणीपासून सुरुवात करणारे विचारवंत पुष्कळ आहेत. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याने इच्छांची तीन गटांत विभागणी केली: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि दोन्ही नसलेल्या. १९८४ मध्ये जपानचे नोरिआकी कानो यांनी वस्तूंच्या गुणधर्मांचे वर्गीकरण मांडले. नसले तर ग्राहक चिडतो ते मूलभूत, आणि नसले तरी चालते पण असले की तो खूश होतो ते सुखद, असा त्याचा रोख आहे. ॲप बनवणाऱ्या कंपन्या आजही ते वापरतात. दोघांचाही मापदंड माणसाच्या मनात आहे, आणि मन सवयीने बदलते. आज सुखद वाटलेली सोय वर्षभरात मूलभूत होऊन बसते.

दुसरी परंपरा त्यागाची. बौद्ध भिक्षूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे साधन एवढेच येते. लातूर, निलंगा, उदगीर, देगलूर या पट्ट्याला त्यागाचे वेगळे उदाहरण अधिक जवळचे आहे. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील कल्याण येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी उपासनेतून देऊळ आणि पुजारी ही मधली व्यवस्था वगळली. अंगावरचे इष्टलिंग तेवढे राहिले. पण त्याग हा करणाऱ्याचा गुण असतो. ॲप बनवणारा सोय काढून टाकतो तेव्हा ती दुसऱ्याची जाते. साधेपणाच्या नावाखाली नेटविना चालण्याची व्यवस्था गाळली, तर त्यागाचे श्रेय पुण्यातल्या कचेरीला आणि खेटे किनवटच्या शेतकऱ्याला, अशी वाटणी होते.

गरज मनात न शोधता कार्यात शोधणारे शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. यज्ञातल्या शेकडो बारीक क्रियांपैकी कोणती कशासाठी, हा तिचा विषय. मराठवाड्याशी या शास्त्राचे नाते आहे: शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट ज्या भट्ट घराण्यातले, ते मूळ पैठणचे, आणि ‘भाट्टचिंतामणि’ हा त्यांचा ग्रंथ मीमांसेवरचाच. पूर्वमीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनींच्या सूत्रांतला तिसरा अध्याय अंग आणि प्रधान यांच्या संबंधाला वाहिलेला आहे. जे दुसऱ्यासाठी असते ते अंग, ज्याच्यासाठी असते ते प्रधान. एखादी क्रिया लागते का, असे मोघम विचारण्यात अर्थ नाही. ती कोणत्या प्रधानाचे अंग आहे, हे आधी दाखवावे लागते.

हा निकष लावून पाहण्याजोगे ॲप नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या हातातच आहे. सातबाऱ्यातील गाव नमुना १२ मध्ये कोणत्या गटात कोणते पीक आहे याची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणी ॲपवर करावी, अशी पद्धत आली. २०२२ च्या आवृत्तीत फोटो काढताना शेतकरी आपल्या गटात आहे की नाही हे सांगणारा संदेश, नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा आणि तलाठ्याकडून १० टक्के नोंदींची पडताळणी या गोष्टी आल्या. २०२४ च्या खरिपापासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेली आवृत्ती वापरात आली.

येथे प्रधान काय? अमुक गटात अमुक हंगामात अमुक पीक उभे होते, ही खरी नोंद. पीकविमा, अनुदान, हमीभावाने खरेदी हे सारे तिच्यावर उभे राहते. आता एकेक सोय तपासता येते. मिश्रपिकाचे उदाहरण घेतले की निकषाची धार कळते. लातूरच्या रानात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ, असा पेरा नेहमीचा. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीन निघते, मळणी होते, आणि त्याच रानात तूर पुढे दोन-तीन महिने उभी राहते. ॲपमध्ये एकाच पिकाचा रकाना असेल तर तूर कागदावरून नाहीशी होते. हमीभावाच्या केंद्रावर तुरीचे पोते घेऊन गेलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर नुसतेच सोयाबीन दिसते. म्हणून मुख्य पिकासोबत दुय्यम पिके नोंदवण्याची सोय येथे अपरिहार्य अंग ठरते. कोकणातल्या नुसत्या भाताच्या खाचराला तिचे काही काम नाही. सोय तीच, पण रान बदलले की तिची गरज बदलते.

उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या फोटोची गोष्ट निराळी. आपल्या रानात काय पेरले हे शेतकऱ्याला ठाऊक असते, त्याला फोटो लागत नाही. फोटो लागतो तो शासनाच्या खात्रीसाठी. मीमांसेच्या चौथ्या अध्यायात यज्ञासाठी असलेले क्रत्वर्थ आणि यजमानाच्या फळासाठी असलेले पुरुषार्थ असा भेद आहे. यज्ञात पाणी आणायचे ते एरवी चमस नावाच्या पात्राने, पण ज्याला गुरेढोरे हवीत त्याने दूध काढण्याच्या भांड्याने आणावे. पाणी आणणे यज्ञाची गरज, भांडे बदलणे माणसाच्या इच्छेची. ॲपमध्ये फोटो क्रत्वर्थ आहे, ४८ तासांची दुरुस्ती पुरुषार्थ. दोन्ही योग्य असू शकतात. ॲपच्या बैठकांत शासनाची गरज शेतकऱ्याची म्हणून मांडली जाते, ती लबाडी मात्र हा भेद उघडी पाडतो.

सगळ्या ॲपमध्ये असते म्हणून आपल्यातही हवे, या युक्तिवादाचेही मीमांसेत उत्तर आहे. एका यज्ञाचे तपशील दुसऱ्यात आणण्याला अतिदेश म्हणतात. तो सरसकट मान्य असला तरी दहावा अध्याय त्याला लगाम घालतो. ठरलेले उदाहरण सोन्याच्या कणांच्या चरूचे, म्हणजे शिजवून अर्पण करायच्या आहुतीचे. मूळ यज्ञात भात कांडायचा, कारण तूस काढायचे असते. सोन्याच्या कणांना तूसच नाही, तेव्हा कांडणे गळून पडते. शिजवणे मात्र राहते, कारण त्याचे वेगळे वचन आहे. खरेदीच्या ॲपमधली तारांकित गुणांची पाटी किंवा समाजमाध्यमांतले शेअरचे बटण पीकनोंदीत आणणे हे सोने कांडण्यासारखेच. भाषेची निवड इतकी सोपी नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत, पण सातबारा मराठी आहे. वाचता न येणाऱ्या म्हातारीला तेलुगू अक्षरे दिली काय आणि मराठी दिली काय, अडचण तीच. तिथे सूचना बोलून दाखवणारा आवाज हे खरे अंग. नेट नसताना नोंद साठवून नंतर पाठवण्याची सोय तर वादापलीकडची, कारण नोंद शेतात होते आणि रेंज अनेकदा गावात असते.

अकराव्या अध्यायातले तंत्र हे तत्त्व ॲपवाल्यांनी फारसे मनावर घेतलेले नाही. अनेक प्रधानांना उपयोगी पडणारे अंग एकदाच करावे, असे ते सांगते. शेतकरी मात्र विम्यासाठी एकदा, हमीभावासाठी पुन्हा आणि पीकनोंदीसाठी तिसऱ्यांदा तोच गट आणि तेच पीक भरत आला. शेतकरी ओळख क्रमांकाची योजना पुरी अमलात आली, तर यांतले पुष्कळसे अर्ज अनावश्यक होतील. एका ॲपच्या आत बसून कोणती सोय काढावी हे ठरवणाऱ्याला ही बचत दिसूच शकत नाही.

राहिला विरोधाचा प्रसंग. फोनने जागा चुकीची दाखवली आणि बांधावर उभ्या माणसाची नोंद अडली, तर अंगच प्रधानाला अडवते. अशा वेळी अंगाने माघार घ्यायची, असा मीमांसेचा निर्णय आहे. त्याच्या जोडीला सहाव्या अध्यायातला आणखी सूक्ष्म भेद येतो. फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे व्हावे लागते, पण नित्य कर्म शक्य तितक्या अंगांनी केले तरी झाले असे धरतात. विम्याचा दावा काम्य कर्माच्या जातीचा. नुकसान कळवल्याची वेळ, फोटो, जागा हे सगळे तिथे मागणे रास्त आहे. हंगामागून हंगाम करायची पीकनोंद नित्य कर्माच्या जातीची. तिथे फोटो निघाला नाही तरी नोंद स्वीकारून ती तलाठ्याच्या पडताळणीत टाकणे निकषाला धरून होईल. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, किंवा ज्याचे रान त्याच्या नावावर आणि तो स्वतः पुण्यात कामाला, त्याच्यासाठी कोणतीही सोय वाढवून भागत नाही. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी गावातल्या नेमलेल्या सहायकाने करावी, ही नव्या आवृत्तीतली तरतूद त्यासाठीच आहे. तलाठ्याला बाजूला सारून सुरू झालेल्या व्यवस्थेत मधला माणूस असा परत आला, आणि प्रधानाच्या हिशेबाने त्याची जागा पक्की आहे.