सुटी कोणाची?

शाळेची शेवटची घंटा झाली की मुले ज्या आनंदाने घराकडे धावतात, त्याच आनंदाने शिक्षकही घरी निघतो. आणि तो लेखक असेल तर त्याचा आनंद दुप्पट असतो. वर्षभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबलेली कादंबरी आता बाहेर काढायची, असा बेत तो मनाशी करीत असतो. पण त्याच वेळी त्याच्या मुलाच्या मनातही एक बेत शिजत असतो, आणि त्या बेतात बाप असतो. सुटी एक, हक्कदार दोन. तंटा किरकोळ दिसतो. पण त्याच्या मुळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे. निर्मितीसाठी माणसाने आपल्या माणसांकडून किती वेळ मागून घ्यावा?

लेखकाची बाजू दुबळी नाही. लिहिण्याला नुसता वेळ पुरत नाही, सलग वेळ लागतो. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे जोडून लेखकाचा एक तास होत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तुरुंगाने त्यांचे स्वातंत्र्य घेतले, पण एकांत दिला. संसारी लेखकाला स्वातंत्र्य असते, एकांत नसतो. तेव्हा दार लोटून बसणाऱ्याला एकदम कठोर म्हणू नये.

परंतु याच पुस्तकापाशी जरा थांबावे. त्या पाच दिवसांत कागदावर काय उतरले? कोकणातल्या एका आईने आपल्या मुलाकडे दिलेले लक्ष. त्या आईला एकांत कोणी दिला होता? घरकाम, दारिद्र्य आणि दुखणी यांतूनच तिने ते लक्ष काढले. ते नसते तर तुरुंगातला एकांत रिकामाच गेला असता. माणूस लिहितो एकांतात. पण लिहायचे काय, हे त्याला गजबजलेल्या घरातच मिळालेले असते.

शिवाय एकांत फुकट मिळत नाही. टॉलस्टॉयने ‘युद्ध आणि शांती’ १८६३ ते १८६९ या वर्षांत लिहिली. त्याच वर्षांत घरात पाळणा हलत होता, आणि सोफिया टॉलस्टॉय मुलांचे करून त्या हस्तलिखिताच्या पुन्हा पुन्हा नकला करीत होती. आपल्याकडेही लोटलेल्या दाराच्या अलीकडे बहुधा एक बाई मुलांना “हळू बोला” म्हणत उभी असते. शाळेला सुटी लागली की तिचे काम वाढते. म्हणून ‘मला वेळ मिळतो की नाही’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘माझा वेळ कोणाच्या वेळातून कापला जातो’ हा खरा प्रश्न.

मग लिहिणे सोडावे काय? मुळीच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव ती टिपून घेई. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. मूल म्हणजे निर्मितीचा शत्रूच असे नाही. कधी ते तिचे पहिले श्रोते असते. पण हे उदाहरण ढालीसारखे पुढे करून घरातल्या बाईला ‘कामातूनच गा’ असे सांगू नये. ज्या घरांत टिपून घेणारे कोणी नव्हते, तेथल्या किती ओव्या जात्यापाशीच विरल्या असतील!

आणि मूल स्वतःही निर्माताच असते. दिवाळीच्या सुटीत किल्ला करणारे पोर पाहावे. दगड रचून, माती लिंपून, मोहरी पेरून ते असे रमते की जेवायला हाक मारली तर “आलो” म्हणते आणि येत नाही. कामात बुडणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून बंद दाराचे त्याला फारसे दुःख होत नाही. दार केव्हा उघडेल हे ठाऊक नसणे त्याला बोचते. सकाळचे दोन तास बापाचे, तितकेच आईचे, आणि संध्याकाळ मुलाची, असा करार पाळला तर कोणाचीच चोरी होत नाही. एक डोळा कागदावर आणि एक मुलावर ठेवणारा मात्र दोघांनाही फसवतो. आणि मुलाला ते आधी कळते.

तरीही दोन्ही पारडी सारखी नाहीत. राहिलेले प्रकरण पुढल्या वर्षी लिहिता येते. नऊ वर्षांच्या मुलाची सुटी पुढल्या वर्षी मिळत नाही. तेव्हा ते दहा वर्षांचे झालेले असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अंगणात किल्ले उभे असतील. अंक महिनाभर राहील, किल्ला तितके दिवस टिकत नाही. आधी तो पाहून यावा.