पाठीवरचं जू

अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस मुख्यतः उत्तरेला पिकतो आणि तो तोडणारे पुष्कळ हात दक्षिणेतून येतात. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांखालची जमीन भिजली, आणि 1950 च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. जामखेड-पाथर्डीच्या वाट्याला मात्र पर्जन्यछायेतलं कोरडं रान आलं. म्हणून दसरा-दिवाळी झाली की तिथली बिऱ्हाडं मुकादमाची उचल घेऊन निघतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात.

असंच एक जोडपं होतं, जामखेड तालुक्यातल्या एका वाडीतलं. दोघांचा मिळून एक कोयता, एक टायरगाडी आणि दोन खिलारी बैल. पोरं आणि शेरडं म्हातारीच्या हवाली करून दोघं प्रवरेकाठच्या फडात उतरले होते.

बैलांवर नवऱ्याचा फार जीव. पौषातल्या एका पहाटे मानेवर जू ठेवताच कोशा बैलानं अंग चोरलं. नवऱ्यानं मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. खांदा आला होता. कातडी सुजून गरम लागत होती. त्यानं जू उतरवलं, हळद-तेल लावलं. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जू मांडीवर उलटं घेऊन त्यावरून तळवा फिरवत गेला. एका जागी लाकूड झिजून बारीक कड वर आली होती. ती त्यानं कानशीनं घासली आणि वरून जुन्या गोधडीची घडी शिवली. तीन दिवस बैल जुंपला नाही. खाडा पडला, मुकादमाची बोलणी खाल्ली.

"मुकं जनावर हाय," तो म्हणाला. "ते कुणाला सांगणार?"

त्याची बायको मुकी नव्हती. तिनं सांगितलंही होतं. महिनाभर तिची कंबर धरली होती. पण तिचा दिवस पहाटे तीनला चुलीपाशी सुरू व्हायचा, आणि नवरा गाडी घेऊन कारखान्यावर नंबर लावून बसला तरी तिचा दिवस संपत नसे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. म्हणजे प्रत्येक घावाला कमरेत वाकायचं. मग पाचट काढायचं, वाढ्याचा बंद पिळून मोळी बांधायची, ती उचलून डोक्यावर घ्यायची आणि गाडीपर्यंत न्यायची. संध्याकाळी पाण्याचे हंडे होतेच.

"काम म्हटलं की अंग दुखायचंच," नवरा म्हणाला आणि दुकानातून गोळ्या आणून दिल्या. गोळी घेतली की चार तास बरं वाटायचं. त्या चार तासांत ती आणखी मोळ्या उचलायची.

पाडव्याला बिऱ्हाड परतलं तेव्हा तिला भाकरी थापायलाही नीट बसता येत नव्हतं. सासू म्हणाली, मावशींकडं जा.

मावशी म्हणजे गावच्या आरोग्यसेविका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानंच निवडलेल्या, पुष्कळदा अक्षर न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं ज्ञान द्यायचं आणि त्यांच्याच गावात कामाला लावायचं, ही त्याची रीत. त्या रीतीत तयार झालेल्या या मावशी.

मावशींनी आधी प्रश्न विचारले. पडली होतीस का? पाय लुळा पडतो का? मांड्यांच्या मधल्या भागात बधिर वाटतं का? लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का? ताप येतो का, वजन उतरलंय का? यातल्या एकालाही 'हो' आलं असतं, तर त्यांनी तिला तशीच जामखेडच्या दवाखान्यात नेलं असतं. पण सगळ्यांना 'नाही' आलं. मग त्या उंबऱ्यात बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"बैलाचा खांदा आला तर काय करता हो?"

हा तर त्याचा आवडीचा विषय. त्यानं सगळं सांगितलं. हळद-तेल, जुवाची कड, कानस, गोधडीची घडी, तीन दिवसांची सुट्टी.

"नुसतं हळद-तेल लावून त्याच जुवाखाली परत जुंपला असता तर?"

"तसं कसं, मावशी? खांदा अजून चिघळला असता."

"मग हिला गोळी देऊन तुम्ही कशाखाली जुंपलं?"

तो खाली बघत राहिला. मावशींनी अंगणातल्या कडब्याच्या पेंढ्या दाखवल्या. "हिच्या मोळीएवढा भारा बांधा आणि ही उचलते तसा उचला."

त्यानं बांधला. बायको म्हणाली, "अजून घ्या." त्यानं आणखी पेंढ्या घातल्या. "अजून." भारा 25-30 किलोचा झाला. त्यानं कमरेत वाकून तो हिसका देऊन वर घेतला, तसाच वाकडा होऊन वळला, आणि कमरेत कळ आली तसा जागीच थांबला. गाडीवर उभं राहून मोळ्या रचणारा तो. खालून प्रत्येक मोळी कशी वर येते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"आता हिचं जू कुठं कुठं घासतंय, ते तपासा," मावशी म्हणाल्या.

मग तिघांनी बसून एकेक कड शोधली. मोळी फार मोठी. पण काट्यावर टन मोजतात, मोळ्या कुणी मोजत नाही. मग मोळी लहान का नसावी? बंदच एक वीत आखूड घ्यायचा. कोयता बोथट, म्हणून एका उसाला दोन घाव आणि दुप्पट वाकणं. म्हणजे धार रोज लावायची. दिवसभर तीच तोडणार आणि तीच वाहणार, हे बंद. तासातासाला काम पालटायचं, म्हणजे तोच तो स्नायू सारखा ताणत नाही. गाडी फडात जमेल तितकी जवळ आणायची. पाण्याचा ड्रम गाडीवर चढवायचा आणि तो नवऱ्यानं भरायचा.

उचलायची रीतही मावशींनी करून दाखवली. एक गुडघा जमिनीला टेकवायचा, मोळी पोटाशी घ्यायची, जोर मांड्यांनी लावायचा. वळायचं ते पावलं टाकून, कंबर पिळून नाही. डोक्यावर देताना दुसऱ्यानं हात लावायचा. अर्ध्या-पाऊण तासानं सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे झुकायचं.

"आणि अंथरूण धरू नकोस, पोरी," त्या म्हणाल्या. "शेक घे, रोज चाल, मी सांगते ते व्यायाम कर. पडून राहिलं की पाठ आणखी आखडते."

उन्हाळाभर तिनं ते केलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला नवऱ्यानं बैलांचे खांदे हळद-तुपानं मळले आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. मग जू खाली घेऊन दरवर्षीसारखा त्यावरून तळवा फिरवला. या वर्षी त्यानं घरातून कोयताही बाहेर आणला, त्याची मूठ सैल झाली होती ती घट्ट बसवली आणि धार लावायला बसला. बायको दारातून बघत होती. तो एवढंच म्हणाला, "तुझ्या जुवाकडं बघायचं राहूनच गेलं होतं."

पुढच्या हंगामात तिची पाठ अजिबात दुखली नाही, असं झालं नाही. ऊसतोडीचं काम सोपं कधीच नसतं. पण रात्री तिला झोप लागू लागली, गोळ्यांची पुडी सुटली, आणि हंगाम संपला तेव्हा काट्यावरचे टन कमी भरले नव्हते.

ही कथा ऊसतोडीची असली तरी जू आपल्यापैकी पुष्कळांच्या पाठीवर आहे. शाळेतली बाई सहा तास उभी असते. शिंपी मशिनवर वाकलेला असतो. संगणकापुढचा मुलगा जेवायलाही उठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 61.9 कोटी माणसं कंबरदुखीनं त्रस्त होती. याच संघटनेनं 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत व्यायामाला आणि दुखणं समजावून सांगण्याला जागा आहे. कंबरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत, असंही त्यांत सांगितलं आहे. मावशींनी अंगणात सांगितलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

आणि कधी कधी जू एकट्याच्या हातानं बदलत नाही. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचं खुरपं वापरायला लावत. दिवसभर दुमडून काम करून त्यांच्या पाठी कायमच्या जायच्या. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, मजूर न्यायालयापर्यंत लढले, आणि 1975 मध्ये ते खुरपंच बंद झालं. पिकं तशीच येत राहिली. दांडा लांब झाला आणि माणसं उभी राहून काम करू लागली. आपल्याकडेही खाड्याचा दंड, कामाचे तास, पाण्याची सोय या गोष्टी एका घरात ठरत नाहीत. त्या मागायला सगळ्यांनी मिळून तोंड उघडावं लागतं.

पण सुरुवात घरातून होते. घरातलं कुणी 'पाठ दुखते' म्हणालं, तर गोळी शोधण्याआधी विचारावं, आज काय उचललंस? किती वेळ वाकलीस? मधे सरळ कधी झालीस?

तात्पर्य: दुखऱ्या खांद्याला हळद लावणं ही माया खरी, पण अपुरी. ज्याला खरोखर जीव लावायचा, त्याचं जू उलटं करून पाहावं, आणि जी कड घासते ती आधी काढावी.