वीज परत येते तेव्हा

स्टुलावर निवांत बसा. समोरचा ग्राइंडर बंद असू द्या. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हात तयार झालेल्या अनेकांच्या घरामागे असा एक कोपरा असतो: ग्राइंडर, ड्रिल मशीन, तेलाचा वास.

आता मनातच चाक सुरू करा. छिन्नीला धार लावताय. ठिणग्या उडताहेत. आणि वीज जाते. चाक फिरत फिरत थांबतं. तुम्ही छिन्नी खाली ठेवता, घाम पुसता, चाकापाशी साचलेली भुकटी बोटाने काढू लागता.

इथे जरा थांबा. भिंतीवरचा खटका चालूच आहे. त्याला तुमचा मघाचा हुकूम तेवढा ठाऊक आहे. बोट कुठे आहे, ते नाही. या क्षणी वीज आली तर?

नुसता खटका असेल, तर चाक आपोआप फिरू लागेल. मशीनला स्टार्टर असेल, तर हळूहळू नजर त्याच्याकडे न्या. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये चुंबकत्व येतं, ती कॉन्टॅक्ट ओढून धरते, आणि बटण सोडलं तरी मोटर चालत राहते. वीज गेली की चुंबकत्व संपतं, स्प्रिंग कॉन्टॅक्ट सोडवते. वीज परतली तरी मशीन गप्प राहतं. पुन्हा कुणीतरी समोर उभं राहून हिरवं बटण दाबावं लागतं. मला या रचनेबद्दल खरोखर आदर वाटतो. माणसाचं लक्ष उडणारच, हे तिने आधीच मान्य केलेलं आहे.

निफाड-दिंडोरीकडे विहिरीवरच्या मोटरीला अशाच स्टार्टरवर ऑटो स्विच लावतात, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. कारण खरं आहे: रात्री-अपरात्री वीज येते, आणि साप-बिबट्याच्या भीतीत शिवारात कोण जाणार? मात्र वीज येताच साऱ्या मोटरी एकदम उठतात आणि रोहित्रावर भार पडतो, म्हणून महावितरण तो काढायला सांगतं. तिथे निदान मोटरीपाशी कुणाचा हात नसतो. घरच्या ग्राइंडरपाशी हात असतोच.

आता मशीन थांबवायचं तांबडं बटण. डोळे मिटा आणि हात न्या. सापडलं? चाकावरून हात ओलांडून न्यावा लागला असेल, तर त्याची जागा चुकली आहे. ते दाबल्यावरही चाक काही वेळ आपल्या वेगाने फिरतं. तेवढा वेळ हात मागेच ठेवा.

शेवटी बोर्डाकडे बघा. १६ अँपिअरची एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव जायला त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी आरसीसीबी असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परततो का, हे ती सतत पाहते. ३० मिलिअँपिअरची असेल, तर तेवढी गळती होण्याआधीच किंवा होताच ती क्षणात वीज तोडते. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर तिला ते कळेलच असं नाही.

तिच्यावर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण आहे. उठा, ते दाबा. खटका पडला नाही, तर आजच वायरमनला बोलवा. तोवर ग्राइंडरचा प्लग काढून ठेवा.